शाल, नारळ आणि पोर्तो सान्तेल्मो

चँडलर, ॲरिझोना
(तारीख मुद्दाम घातलेली नाही. कारण शेवटी येईल.)

तीर्थस्वरूप ताईस,

मोरूचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार मनातल्या मनात घातला आहे. खरोखर जमिनीवर गेलो तर उठवायला दोन माणसं लागतात, आणि घरात मीनाक्षी एकटीच आहे.) इकडे आम्हां दोघांचे मिळून चार गुडघे, त्यांतला एक नवा, दोन जुने पण चालू आणि एक बेमुदत रजेवर. बाकी सर्व क्षेम. तुझ्या डाव्या डोळ्याचं कसं आहे? थेंब घालतेस, की महाग बाटली म्हणून ती फ्रिजमध्ये जपून ठेवली आहेस? नारळ पाडायला माणूस मिळाला का? मांजरी व्यायली असेल तर पिल्लं माडाकडच्या खोलीत नेऊन ठेवू देऊ नकोस. त्या खोलीबद्दल मला पुढे बोलायचं आहे.

पत्र कशाला, फोन आहे ना, असं तू म्हणशील. फोन आहे, पण फोनवर तू नसतेस. तू अजून ट्रंक कॉलच्या काळात आहेस. आता याला पैसे पडत नाहीत हे मी तुला किती वेळा सांगितलं, तरी तुझं आपलं "बरा आहेस ना, मी बरी आहे, ठेवते." गेल्या वेळी मी तुझ्या सहस्रचंद्रदर्शनाचा विषय काढला, तर एका दमात म्हणालीस की घरच्या घरी करायचंय, सत्यजितची बायको ओवाळील, तू येऊ नकोस, उगाच दगदग, सत्यजित फोन उभा करून ठेवील त्यात बघ, ठेवते. आणि ठेवलास. मी त्यानंतरही बराच वेळ त्या मेलेल्या फोनशी बोलत होतो. मीनाक्षीने येऊन तो माझ्या हातातून काढून घेतला. म्हणून पत्र. पत्र मधेच ठेवता येत नाही. (म्हणजे येतं, पण तुझ्याच्याने ते होणार नाही. तू भजी बांधून आलेला कागदसुद्धा उलटसुलट वाचतेस.)

तेव्हा येऊ की नको हा आपला मूळ विषय. त्याकडे मी येणारच आहे, पण वाटेत इटली लागते.

झालं असं की परीक्षितने आम्हाला लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून इटलीला पाठवायचं ठरवलं. इटली म्हटलं की इथल्या आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या मंडळींसमोर चार गोष्टी उभ्या राहतात: तिरका मनोरा, पाण्यातलं गाव, पोपचं घर आणि त्या घरासमोरच्या रांगेत पाकीट मारलं गेलेले आपले एक डॉक्टर. आमच्यात लोक गावाला जात नाहीत, पॉइंट करायला जातात. किती पॉइंट झाले, किती राहिले, आणि परत आल्यावर एखाद्या शनिवारी जेवणानंतर दिवे घालवून ते सगळे पॉइंट इतरांना दाखवायचे. आमच्या सूनबाईंनी, म्हणजे हिमानीने, मात्र कुठूनसं असं गाव शोधून काढलं की जिथे कुणीच जात नाही. इटलीच्या बुटाची जी टाच आहे तिच्या आतल्या अंगाला, पोर्तो सान्तेल्मो नावाचं. परीक्षित म्हणाला, "बाबा, देअर इज नथिंग टू डू. तेच तर मस्त आहे, यार." (बापाला यार म्हणतो. मी सोडून दिलं आहे.) मीनाक्षी म्हणाली, काहीच करायचं नसेल तर ते आम्ही इथे फुकटात करतोच आहोत. मी मात्र एकच विचारलं, समुद्र आहे का? आहे म्हणाले. मग बुक कर म्हटलं.

ताई, तुला चँडलर पाहून आता बरीच वर्षं झाली. तू आलीस तेव्हा निवडुंगाकडे बघून म्हणाली होतीस, याला पाणी घालत नाही का रे कुणी? तेच चँडलर अजून आहे, फक्त घरं वाढली. मी नोकरीभर अशा कारखान्यात कॉम्प्युटरच्या चिपा केल्या की जिथे धुळीचा एक कण चालत नसे, आणि राहिलो कुठे, तर धुळीच्या मधोमध. आता आमच्या कॉलनीत एक तळं केलं आहे. सिमेंटचा काठ, त्यात बदकं, आणि 'पोहू नये' अशी पाटी. संध्याकाळी मी त्याच्याभोवती फिरायला जातो. पाण्याला वास नसतो असं शाळेत शिकवत, ते बहुधा असलंच तळं बघून कुणी ठरवलं असावं. आपल्या पाण्याला वास होता. सुक्या मासळीचा, शेवाळाचा, ओल्या वाळूचा. आपण ब्राह्मणाची पोरं असून तो वास आला की भूक लागायची, आठवतं? मला तो वास पाहिजे होता. भरती-ओहोटी पाहिजे होती. तळ्याला काही येत नाही आणि जात नाही.

निघताना मीनाक्षीने नेहमीप्रमाणे छोटा कुकर, मुगाची डाळ, बेसन, मेतकूट आणि भाजणी घेतली. विमानतळावर कुकरची शिट्टी वेगळी काढून तपासली. विमानात गारठतं म्हणून तिने ती जांभळी शालही घेतली. ही शाल तुझी. शिकागोला गेलो होतो तेव्हा डेव्हन ॲव्हेन्यूवर तासभर हुज्जत घालून तुझ्या सहस्रचंद्रदर्शनासाठी घेतलेली. मी म्हटलं, ताईची शाल वापरायची नाही. ती म्हणाली, एकदा पांघरल्याने काय झिजते? त्या शालीचं पुढे काय झालं ते ऐकून रागावू नकोस.

आम्ही पोहोचलो ते ऐन दुपारी. बसवाल्याने आम्हाला एका चढावर उतरवलं, हाताने खाली कुठेतरी दाखवलं आणि तो निघून गेला. गल्ली खाली उतरत गेलेली आणि तिच्या टोकाला, दोन भिंतींच्या फटीत, निळं पाणी. गावात एक माणूस नाही. दुकानांची दारं ओढलेली, खिडक्या लोटलेल्या, पायरीवर एक कुत्रं, त्याने आम्हाला बघायला एकच डोळा उघडला आणि पुरेसं वाटून मिटला. मीनाक्षीला वाटलं इथे काहीतरी साथ आली आहे. मला मात्र लगेच कळलं. ताई, गाव जेवून झोपलं होतं. सगळं गाव. वाण्यासकट, पोस्टासकट. आपल्या गुहागरला आमटी-भात जेवून वरच्या पाखाडीपासून खालच्या पाखाडीपर्यंत जशी सामसूम व्हायची, तशी. अमेरिकेत एवढ्या वर्षांत मी एकही गाव झोपलेलं पाहिलं नाही. मी तिथे बॅग हातात धरून उभा राहिलो आणि मला रडू आलं. मीनाक्षीला वाटलं गुडघा दुखतोय. खोलीची किल्ली दारातल्या तुळशीच्या कुंडीत होती. (त्यांची तुळस. ते ती टोमॅटोबरोबर खातात. मीनाक्षीने मनातल्या मनात क्षमा मागून किल्ली काढली.)

मग आमचे दिवस सुरू झाले. म्हणजे काहीच सुरू झालं नाही. मीनाक्षीने पहिल्याच दिवशी दोघांचे फोन बेसनाच्या डब्यात घालून झाकण लावलं, कारण मी परीक्षितला दर अर्ध्या तासाने समुद्राचा फोटो पाठवत होतो आणि तो दर वेळी फक्त अंगठा पाठवत होता. पॉइंट म्हणाल तर एक धक्का, एक पडका बुरूज, एक चर्च आणि एक कॉफीवाला, तोही आपल्या मर्जीने उघडणारा. चौथ्या दिवशी मीनाक्षीसुद्धा दुपारी घोरायला लागली. मी पोहायचो. गुडघ्याला पाण्यात वजन कळत नाही. ती वाळूवर माझे कपडे मांडीवर घेऊन बसायची, आणि तरी काहीतरी कमी वाटायचं. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की कुणी ओरडत नाहीये. तू माझे कपडे धरून बसायचीस तेव्हा एकसारखी ओरडायचीस, मोऱ्या, पुढे जाऊ नकोस, मोऱ्या, मागे फिर, आईला सांगेन. मी त्या आवाजाच्या अंदाजाने पोहायचो. आवाज बारीक झाला की मागे वळायचं. इथे मला मागे कधी वळायचं ते कळेना. मीनाक्षीला म्हटलं जरा ओरड. ती म्हणाली, लोक काय म्हणतील.

आता मुख्य प्रकरण. एका सकाळी आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर, भिंतीवर एक मोठा छापील कागद चिकटवलेला दिसला. मधे एका आजीबाईंचा हसरा फोटो. खाली मोठ्या अक्षरात नाव, कॉन्चेत्ता अमुक अमुक. त्याखाली आकडा, ८१. मग चर्चचं नाव आणि दुपारनंतरची वेळ. वरच्या कोपऱ्यात येशू. तूच सांग ताई, आपल्या माणसाला यातून काय समजावं? आपल्याकडे कोपऱ्यात गजानन असतो, त्यांच्याकडे हे. फोटो, नाव, एक्याऐंशी, स्थळ, वेळ. मी मीनाक्षीला म्हटलं, सहस्रचंद्रदर्शन. मीनाक्षी जरा साशंक होती. ती म्हणाली श्रद्धांजलीचा नसेल ना? मी तिला सप्रमाण पटवून दिलं की श्रद्धांजलीच्या फलकावर फोटोला हार असतो आणि कडेला समई तेवत असते. इथे हार नाही, समई नाही, बाई मनापासून हसताहेत. कडेने काळी चौकट होती, पण ती मी छपाईची आवड म्हणून सोडून दिली. इंजिनियर माणूस एकदा निष्कर्षावर आला की उरलेली माहिती त्याला अडथळा वाटते. फोन काढून भाषांतर केलं असतं तर सगळं मिटलं असतं, पण फोन बेसनाच्या डब्यात.

आणि खरं सांगू? माझ्या डोक्यात तुझंच सहस्रचंद्रदर्शन घोळत होतं. तू येऊ नकोस म्हणालीस, म्हणून मला कुणाच्या तरी एक्याऐंशीला जाऊन उभं राहायचं होतं. गाव असं की कुणी कुणाला बोलावत नसणार, भिंतीवर लावलं म्हणजे सगळ्यांना आमंत्रण. रिकाम्या हाताने कसं जायचं? शाल होती. (सांगितलं ना, रागावू नकोस.) राहिला नारळ. तिथे किनाऱ्यावर एक माणूस बादलीत ओल्या खोबऱ्याच्या फोडी घेऊन ओरडत फिरतो. त्याच्याकडून अख्खा, न फोडलेला नारळ विकत घेणं हे मी आयुष्यात केलेल्या वाटाघाटींतलं सगळ्यात कठीण काम. तो दर वेळी प्रेमाने फोडायला लागायचा आणि मी दर वेळी त्याचा हात धरायचो. शेवटी त्याने नारळ दिला आणि मीनाक्षीकडे बघून डोक्याशी बोट फिरवलं. तिने मान हलवून दुजोरा दिला.

तर मीनाक्षी मोरपंखी सिल्कमध्ये, मी झब्ब्यात, हातात शाल आणि तिच्यावर नारळ, असे आम्ही चर्चमध्ये शिरलो. आत सगळे काळ्या कपड्यांत. मी मीनाक्षीच्या कानात म्हटलं, इटलीत काळ्याची फॅशन आहे. लोक एकमेकांच्या गालाला गाल लावत होते, काही डोळे पुसत होते. म्हटलं, आनंदाश्रू. आम्ही चांगली पुढची जागा बघून बसलो, आमच्या मागून बाक भरत गेले आणि मी सत्कारमूर्ती कुठे दिसतात का ते मान उंचावून बघायला लागलो. मग दारं पूर्ण उघडली आणि सत्कारमूर्ती सहा जणांच्या खांद्यावरून आत आल्या.

मीनाक्षीने माझ्याकडे पाहिलं. तिचं ते पाहणं तुला माहीत आहे, तूच तिला पसंत करून आणलीस. उठून जायची सोय नव्हती, दोन्ही बाजूंना माणसं. मी नारळ झब्ब्याखाली घ्यायचा प्रयत्न केला, पण तसं केल्यावर तो जास्तच दिसायला लागला. शेवटी मांडीवर घेऊन बसलो आणि मान खाली घातली.

आणि मान खाली घातली म्हणून तो फोन दिसला. पुढच्या पायरीवर, फुलदाणीला टेकवून, कुणीतरी एक फोन उभा केला होता. त्यात एक म्हातारा दिसत होता. सूट, टाय, केस नीट विंचरलेले, मागे कुठल्याशा घरातली रिकामी भिंत. एकटा. तो समोर एकटक बघत होता. पाद्रीबाबा बोलत होते, लोक उठत होते, बसत होते, आणि कुणाच्या तरी धक्क्याने तो फोन हळूहळू घसरला आणि उताणा पडला. आता त्या माणसाला फक्त छत दिसत असणार. कुणाचं लक्ष नव्हतं. मी वाट पाहिली. मला वाटलं कुणी घरचं उठेल. कुणी उठेना. आणि तो ओरडतही नव्हता, ताई, तिकडे आपला गप्प बसून छताकडे बघत होता.

मी उठलो. सगळ्या चर्चसमोर, झब्ब्यात, नारळ मीनाक्षीच्या हातात देऊन. गुडघा वाकेना, म्हणून एका हाताने बाक धरून खाली गेलो आणि फोन नीट उभा करून फुलदाणी त्याच्या मागे सरकवली. त्याने मला पाहिलं. हळू आवाजात, चक्क अमेरिकन इंग्रजीत म्हणाला, थँक यू सर, व्हेअर यू फ्रॉम? मी कुजबुजलो, ॲरिझोना. तो म्हणाला, "आह. ड्राय हीट." मी म्हटलं, येस. त्यावर आम्ही दोघांनी मान हलवली. मग मी उठायला लागलो तर उठताच येईना. शेवटी पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात दिला आणि मला तिथेच, घरच्यांच्या बाकावर, बसवून घेतलं.

शेवटी पेटी बाहेर नेताना सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरंच. त्यांच्यात माणसाला टाळ्या वाजवून निरोप देतात. मी आणि मीनाक्षीनेही वाजवल्या. ती पुसट आवाजात म्हणाली, म्हणजे सत्कारच की हा. तिचे डोळे भरले होते.

ती हात देणारी मुलगी म्हणजे त्या आजींची नात, जुलिया. तिला इंग्रजी येत होतं. बाहेर आल्यावर तिने सगळं सांगितलं. फोनमधला म्हातारा म्हणजे कॉन्चेत्ताआजींचा धाकटा भाऊ, नीनो. मिसरूड फुटताच न्यू जर्सीला गेला, तिथलाच झाला. दर रविवारी बहिणीला फोन करायचा. आणि दर वर्षी उन्हाळा लागला की आजी वरच्या खोलीला चुना लावून घ्यायची, पलंगावरची गादी स्वतः गच्चीवर नेऊन उन्हात घालायची, आणि खाली येऊन फोनवर त्याला सांगायची, येऊ नकोस, फार उकडतं, तुझं हृदय नाजूक. तो यायचा नाही. जुलिया म्हणाली, आजीला वाटायचं नको म्हटलं तरी येईल, आणि नीनोआजोबांना वाटायचं ती नको म्हणते म्हणजे तिला नको असेल. यंदाही गादी वर घातली होती. ती आणायला गच्चीवर गेल्या, तिथेच बसल्या आणि गेल्या.

मला पुढचं नीट ऐकू आलं नाही. तुझं ते "येऊ नकोस, ठेवते" कानात वाजत होतं.

शाल आजींच्या नवऱ्याच्या खांद्यावर गेली. ती मी दिली नाही, मीनाक्षीने दिली. फार म्हातारे आहेत, डोळ्यांना कमी दिसतं, अमेरिकेहून आले आहेत एवढंच त्यांना कळलं आणि नीनोनेच आम्हाला पाठवलं असं त्यांनी धरून टाकलं. जुलियाने दोनदा खुलासा केला, मग तिनेही सोडून दिलं. नारळ त्यांनी मांडीवर घेतला आणि मांजरासारखा कुरवाळत बसले. त्यांच्यातही माणूस गेल्यावर घरात चूल पेटवत नाहीत, शेजारी जेवण आणून देतात. हे कळल्यावर मीनाक्षीने कुकर लावून भात केला, पिठलं केलं आणि झाकून नेऊन दिलं. (कुकरच्या पहिल्या शिट्टीला समोरच्या तीन खिडक्या उघडल्या.) पिठलं त्यांनी खाल्लं. काय समजून खाल्लं ते माहीत नाही. त्यासाठी बेसनाचा डबा रिकामा करावा लागला, तेव्हा आमचे फोन सापडले, पिवळे होऊन.

त्यानंतर रोज संध्याकाळी त्या गल्लीत दारादारांतून खुर्च्या बाहेर यायच्या आणि त्यात आमच्या दोन असायच्या. कुणी काही विशेष बोलत नसे. समुद्र काळा होईपर्यंत बसायचं. तिथे बसून मी गुहागरच्या पडवीतली तुझी खुर्ची इतक्या वेळा पाहिली की निघायच्या दिवशी मला कुठून निघतोय ते कळेना.

इथे परत आल्यावर शनिवारी मंडळात दिवे घालवले. माझ्याकडे दाखवायला एकच फोटो होता, भिंतीला लागून ठेवलेल्या दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. कुमार म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांनी विचारलं, हा कुठला पॉइंट? मीनाक्षीने दिवे लावले आणि श्रीखंड वाढायला घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आमच्या गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसलो. तीन शेजारी येऊन आर यू ओके म्हणून विचारून गेले, चौथ्याने पाण्याची बाटली दिली, आणि आठवड्याने कॉलनीच्या कमिटीची चिठ्ठी आली की घराच्या दर्शनी भागात फर्निचर ठेवू नये.

आता मूळ विषय. मधल्या काळात मी तुझ्या सत्यजितला सहज विचारलं, घराचा होमस्टे केलास तो कसा चाललाय? तो म्हणाला, "मामा, सगळं फुल असतं, पण आई वरची माडाकडची खोली देऊच देत नाही. तिथूनच तर समुद्र ऐकू येतो, लोक तीच मागतात." मी म्हटलं का देत नाही? तर म्हणाला, गळते म्हणते. गळत तर नाही, कौलं मी परवाच बदलली. तिथे मामाची लहानपणीची खाट आहे अजून, हेही त्यानेच सांगितलं.

ताई, मला इतकी वर्षं वाटत होतं की तू नको म्हणतेस म्हणजे तुला खरंच माझी दगदग नको असते. आधी मीनाक्षीचं ऑपरेशन, मग नात झाली, मग माझ्या हृदयात ती जाळी बसवली, आणि दर वेळी तू म्हणालीस येऊ नकोस, आणि दर वेळी मला त्यात सोयही वाटली आणि वाईटही वाटलं. आता मला तुझी आठवण येते हे स्पष्टच लिहितो. फोनवरच्या तुझी नव्हे, ओरडणाऱ्या तुझी. मला तुझ्या सहस्रचंद्रदर्शनाला फुलदाणीला टेकून बसायचं नाही. मला निरांजनाचा धूर डोळ्यांत जाऊन खोकायचं आहे. तेव्हा विनंती एवढीच की येऊ की नको ते मला नीट कळव. आणि ती खोली नक्की कधीपासून गळते, तेही.

सत्यजितला आणि सूनबाईला आशीर्वाद. मांजरीला काही नाही.

तुझा,
मोरू

ता. क. मीनाक्षी म्हणते, शालीचं सांगितलंस ते बरं केलंस, आता नवी घेतली आहे हेही सांग. नवी हिरवी आहे. तुला जांभळा आवडत नाही हे तिला त्या शालीच्या वेळीच आठवलं होतं, पण हुज्जत घालून झाली होती.

ता. क. दुसरा. पत्र आलं की तू आधी टपालाचा शिक्का बघतेस आणि किती दिवस लागले ते मोजून पोस्टाला नावं ठेवतेस. या पाकिटावर शिक्का शोधू नकोस. नाही. तारीखही म्हणूनच घातली नव्हती. विचारायला लागलो असतो तर तू नकोच म्हणाली असतीस.

ता. क. तिसरा. कागद संपला म्हणून हे पाकिटाच्या पाठीवर, तुझ्या फाटकाशी, रिक्षात बसून लिहितो आहे. दुपार आहे. तुझं दार लोटलेलं आहे, समोरचा वाणी झोपला आहे, रिक्षावाला झोपला आहे, मीनाक्षी तर चिपळूणपासूनच झोपली आहे. माडाकडच्या खोलीच्या कठड्यावर गादी उन्हात घातलेली मला इथून दिसते आहे. मी तुला उठवत नाही. पाकीट दाराखालून सरकवतो आणि पडवीतल्या तुझ्या खुर्चीवर बसतो. जाग आली की हे वाच, मग बाहेर ये, आणि येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं ना, असं पूर्वीसारखं ओरड. गादी मी आत घेतो. तू वर जाऊ नकोस.